एक विषय राहिला आहे

नर्सिंगच्या पहिल्या सत्राचा निकाल लागला की आम्हांला फोन येऊ लागतात. पास झालेली मुलगी स्वतः फोन करते. नापास झालेलीच्या घरून तिची अम्मी बोलते, तेही दुपारी, घरात कुणी नसताना, आवाज खाली ठेवून. "मॅडम, पोरगी फेल झाली. तिच्या अब्बांना अजून सांगितलं नाही."

आम्ही विचारतो, कशात? बहुतेक अम्मींना ते ठाऊक नसतं. मुलीने रडत रडत 'फेल' एवढंच सांगितलेलं असतं आणि घराने 'नर्सिंगला फेल' असं ऐकलेलं असतं. गुणपत्रिका मागवून पाहावी तर इंग्रजी सुटलेलं, समाजशास्त्र आणि मानसशास्त्र सुटलेलं, आणि राहिलेला असतो तो शरीररचना आणि शरीरक्रियेचा पेपर. ज्याला मुली 'अ‍ॅनॅटॉमी-फिजिऑलॉजी' म्हणतात तो.

एक विषय राहणं आणि शिक्षण बुडणं यांत किती अंतर आहे, ते घरातल्या मोठ्यांनी आधी समजून घ्यावं. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं असतं. २०२१ पासून त्याला सत्र पद्धत लागू झाली, म्हणजे एकूण आठ सत्रं. पहिल्या सत्रातला विषय राहिला तरी पुढच्या सत्राच्या तासांना बसता येतं. पाचव्या सत्राच्या परीक्षेआधी मात्र मागचं सगळं सुटलेलं असावं लागतं. म्हणजे वेळ आहे, पण अमर्याद नाही. महाराष्ट्रात या परीक्षा नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. गुणांची पडताळणी किंवा पुन्हा परीक्षेचा अर्ज यांसाठी दिलेली मुदत थोडी असते, म्हणून रडण्याच्या त्याच दिवशी कुणीतरी एकाने शांत डोक्याने सूचना वाचून तारखा कॅलेंडरवर लिहाव्यात. हे काम मुलीवर टाकू नये. अब्बांनी किंवा भावाने करावं. यात एक फायदा असा की तारीख लिहिणारा माणूस आपोआप तिच्या बाजूचा होतो.

आता स्पष्टच बोलू. मुलगा बारावीला दोनदा बसला तर आपल्या घरांत त्याला नशीब म्हणतात. मुलगी एका विषयात राहिली तर फुफीला लगेच एखादं स्थळ आठवतं. आमच्या ओळखीच्या किती तरी मुलींचं शिक्षण असं उधारीवर चाललेलं असतं. गुण चांगले येताहेत तोवर हप्ता भरला जातो, एक हप्ता चुकला की वसुली सुरू. आणि नर्सिंगसारख्या शिक्षणात, जिथे मुलीला वसतिगृहात राहायचं आहे, रात्रपाळी करायची आहे, तिथे आधीच विरोध असलेल्या नातेवाइकांना निकालाचा कागद आयता हाती लागतो.

आमच्या शाळेतून गेलेल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, ती अजून शिकते आहे. चिपळूणकडची. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, मग अकरावी-बारावी विज्ञान इंग्रजीतून, मग नर्सिंग. दहावीला शाळेत दुसरी होती. पहिल्या सत्रात पन्नास टक्क्यांना सहा गुण कमी पडले. सुट्टीत ती वह्या घेऊन आली. वह्या पाहण्यासारख्या होत्या. चार रंगांची शाई, प्रत्येक मथळ्याखाली पट्टीने मारलेली रेघ, आकृत्या छापल्यासारख्या. "मॅडम, सगळं चार वेळा वाचलंय," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

आम्ही वही मिटायला सांगितली. म्हटलं, शरीरातून परत आलेलं अशुद्ध रक्त हृदयात शिरतं, तिथून पुढे सांग. ती म्हणाली, उजव्या अलिंदात येतं, मग उजव्या निलयात, मग फुप्फुसाला जातं. मग थांबली. फुप्फुसातून परत कुठे येतं, मधल्या झडपांची नावं काय, महाधमनी कुठून निघते, काहीच निघेना. वही उघडली तर तिच्याच अक्षरात सगळं होतं आणि तिला ते सगळं ओळखीचं वाटलं. "हे तर मला येतं!" असंही म्हणाली.

इथेच सगळी गोम आहे. पाहिल्यावर ओळखता येणं वेगळं आणि न पाहता सांगता येणं वेगळं. बाजारात शेजारीण भेटली तर चेहरा लगेच ओळखतो, पण घरी बसून तिचा चेहरा काढा म्हटलं तर नाक कसं होतं तेही आठवत नाही. चार वेळा वाचल्याने ओळख वाढते आणि ओळख वाढली की येतंय असा भास होतो. परीक्षेत मात्र समोर कोरा कागद असतो.

ही गोष्ट आपल्या घरांना नवी वाटू नये, कारण हिफ्ज करणारं मूल ज्या घरात आहे तिथे ती रोज डोळ्यांसमोर घडते. या मुलीचा धाकटा भाऊच हिफ्जला जातो. आम्ही तिला विचारलं, तो उस्तादांना कधी म्हणाला आहे का, की मी सबक चार वेळा वाचला, आता मला पुढचा द्या? हसली. उस्ताद वाचलं का ते विचारतच नाहीत; मुसहफ मिटून समोर बसवतात आणि म्हणतात, सुनाव. जिथे अडखळला तिथे टोकतात. आजचा नवा सबक, त्याच्याबरोबर गेल्या काही दिवसांचा सबक-पारा, आणि शिवाय जुन्याचा आमोख्ता. नवं घ्यायचं ते जुनं न सोडता. आमोख्ता चुकला तर नवा सबक मिळत नाही, यावरून घरात किती रडारड होते ते अम्मींना माहीतच आहे.

शतकानुशतकं मदरशांत चालत आलेली ही रीत कॉलेजच्या अभ्यासाला का लावत नाहीत, याचं आम्हांला नेहमी आश्चर्य वाटतं. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याच गोष्टीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार फेऱ्यांत पुनःपुन्हा वाचला. काहींनी एका फेरीत वाचला आणि पुढच्या तीन फेऱ्यांत न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आणि गंमत म्हणजे आपल्याला चांगलं आठवेल अशी खात्री जास्त वाचणाऱ्यांनाच होती. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळं वाचून 'आता येतंय' म्हणत झोपणाऱ्या मुली आम्हांला त्या आकड्यांत दिसतात.

तेव्हा त्या मुलीने चार रंगांची शाई ठेवून दिली आणि एक कोरी वही घेतली. फजरनंतर एक तास. आधी काल केलेलं पान न पाहता लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल शाईने भरायचं, आणि मगच नवं पान घ्यायचं. लाल शाई किती पडली ते रोज दिसायचं. पहिल्या आठवड्यात पानं लालच होती आणि तिला फार वाईट वाटायचं. रंगीत वहीत कधी चूक दिसलीच नव्हती ना! जुम्याच्या दिवशी नवं काही नाही, आठवड्याचा आमोख्ता. हृदयाची आकृती कागदावर न काढता ती ओट्याजवळच्या फरशीवर खडूने काढायची, त्यावरून बोट फिरवत रक्ताचा रस्ता मोठ्याने म्हणायची आणि पुसायची. पुसलेलं दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायचं. उजवं अलिंद, ट्रायकस्पिड झडप, उजवं निलय, फुप्फुस-धमनी, फुप्फुस, फुप्फुस-शिरा, डावं अलिंद, मायट्रल झडप, डावं निलय, महाधमनी. साताठ दिवसांत ते तोंडात बसलं. अम्मी भाकरी थापता थापता अडवायची, "थांब, एक झडप राहिली." अम्मी सातवी शिकलेली आहे.

भाषेबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण उर्दू किंवा मराठी माध्यमातून गेलेल्या मुलींचं अर्धं नापास होणं तिथे असतं. एकाच अवयवाला त्यांना किती नावं सांभाळावी लागतात पाहा. घरात गुर्दा, मराठी पुस्तकात मूत्रपिंड, बोलण्यात किडनी, आणि नर्सिंगच्या पुस्तकात कुठे 'रीनल', कुठे 'नेफ्रॉन', कुठे 'नेफ्रायटिस'. तसंच जिगर, यकृत, लिव्हर, हिपॅटिक. मुलगी ही पाच वेगळी ओझी म्हणून उचलते आणि दमते. त्यापेक्षा इंग्रजी शब्दांचे तुकडे ओळखायला शिकावं. शेवटी 'आयटिस' आलं की दाह, 'इमिया' आलं की रक्ताचं काहीतरी, आधी 'हायपो' म्हणजे कमी आणि 'हायपर' म्हणजे जास्त. मग 'हायपोग्लायसेमिया' हा शब्द पाठ करावा लागत नाही, तो उलगडता येतो: कमी, साखर, रक्तात. असे तीस-चाळीस तुकडे आले की पुस्तकाचं पान निम्मं हलकं होतं. उर्दू शिकलेल्या मुलीला तर हे अवघड जाऊच नये. एका धातूतून किताब, कातिब, मकतूब, मकतब निघतात हे ती लहानपणापासून बघते आहे.

आणि समजून घेताना आधी घरच्या भाषेत समजून घ्यावं. यात लाज कसली? त्या मुलीने अम्मीला रक्तदाब समजावून सांगितला. मीठ जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं, पाणी वाढलं की नळ्यांतला दाब वाढतो, म्हणून डॉक्टर लोणचं सोडायला सांगतात. अम्मीने तीन प्रश्न विचारले, त्यांतल्या दोघांची उत्तरं तिला आली नाहीत, तिने ती शोधली. मग तेच उत्तर इंग्रजीत सहा ओळींत लिहिलं. परीक्षेत उत्तर इंग्रजीतच लिहायचं आहे, त्यामुळे दुसरी पायरी टाळून चालत नाही. पण पहिली पायरी गाळून थेट दुसऱ्या पायरीवर उडी मारणाऱ्या मुली वाक्यं पाठ करतात आणि एक शब्द विसरला की पुढचं सगळं विसरतात.

जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात हे सगळेच सांगतात. आमचं म्हणणं एवढंच की घड्याळ लावून सोडवाव्यात. वाचून 'हा येतो, हा येतो' असं म्हणत पानं उलटणं म्हणजे पुन्हा तेच.

मोबाईलबद्दल आम्ही फार बोलत नाही. अभ्यासाच्या तासाला तो दुसऱ्या खोलीत असावा, बस.

कुणी म्हणेल, एका पेपरासाठी एवढं कशाला, पासापुरते गुण मिळाले म्हणजे झालं. इथे आम्ही जरा कडक आहोत. शाळेत ३५ गुणांना पास असतं. नर्सिंगमध्ये लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळे ५० टक्के लागतात आणि हजेरी किमान ८० टक्के. वॉर्डातलं काम तर पदवी मिळण्याआधी शंभर टक्के भरून द्यावं लागतं. हे नियम मुलींना छळायला केलेले नाहीत. सलाइनचं साधं गणित घ्या. ५०० मिलिलिटर सलाइन सहा तासांत द्यायचं आहे आणि सेटवर लिहिलं आहे, २० थेंबांचा एक मिलिलिटर. मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २० म्हणजे दहा हजार थेंब, सहा तासांची ३६० मिनिटं, भागाकार जवळपास २८. सातवीचं गणित आहे. पण रात्री तीन वाजता, चार पेशंट एकदम बोलावत असताना ते अचूक यायला हवं. तिथे कुणी सहा गुण वाढवून देत नाही.

आणखी घरातलं उदाहरण देतो, कारण ज्या घरात दादी आहेत त्यांतल्या अनेक घरांत इन्सुलिनही आहे. आपल्याकडे एक मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या इन्सुलिनच्या बाटल्या मिळतात आणि १०० युनिटवालं इन्सुलिनही मिळतं. सिरिंजही दोन्ही मापांच्या असतात. बाटली ४० ची आणि सिरिंज १०० ची घेतली, आणि २० च्या खुणेपर्यंत भरली, तर पेशंटला २० नव्हे, ८ युनिट जातात. उलट झालं, म्हणजे बाटली १०० ची आणि सिरिंज ४० ची, तर २० च्या जागी ५० युनिट जातात, आणि त्याने जीवावर बेतू शकतं. त्या मुलीने हा धडा शिकल्यावर घरी येऊन दादींची बाटली आणि सिरिंज शेजारी शेजारी धरून वाचली. माप जुळत होतं. पण त्या दिवसापासून तिचे अब्बा औषधाच्या दुकानातून आल्यावर पिशवी आधी तिच्यापुढे ठेवतात.

याच अब्बांनी निकालानंतर म्हटलं होतं, "बस झालं आता. इज्जतीने घरी बसू दे." आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. तिच्या दिवसाचा हिशेब मागितला. सुट्टीत घरी आल्यावर सकाळचं पाणी, दोन्ही वेळची भांडी, धाकट्याला मक्तबला सोडणं, दादींची मालिश, संध्याकाळी पाहुणे आले की चहा. अभ्यास रात्री साडेदहानंतर, डोळे मिटत असताना. आम्ही म्हटलं, भाईसाहेब, तुमच्या दुकानातला पोरगा एवढं करून रात्री साडेदहाला हिशेब लिहायला बसला तर बेरीज बरोबर येईल का? ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी कळलं की सकाळचं पाणी भाऊ भरतो आणि फजरनंतरच्या तासात तिला कुणी हाक मारत नाही. फार मोठी क्रांती नव्हे. पण तो एक तास तिला मिळाला नसता तर आम्ही वर लिहिलेलं सगळं कागदावरच राहिलं असतं.

आपल्या जलशांत नर्सिंगचा विषय निघाला की हजरत रुफैदा यांचं नाव हमखास घेतलं जातं. मदीनेत मस्जिदीजवळ त्यांचा तंबू होता आणि खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआझ यांना तिथे ठेवलं होतं, हे सांगताना वक्त्यांचा आवाज भरून येतो. चांगलंच आहे. फक्त घरी गेल्यावर त्याच वक्त्याच्या घरातली मुलगी अभ्यासाला बसली असताना तिला चहा टाकायला उठवू नये.

प्रत्येक नापास मुलीचं कारण अभ्यासाची पद्धत हेच असतं असं नाही. कुणाला रक्त पाहून भोवळ येते. बऱ्याचजणींची ती पुढे जाते, काहींची जात नाही. कुणाला हे शिक्षण नकोच होतं, मामूंनी फॉर्म भरला म्हणून ती गेली. तिच्याशी आधी मोकळं बोलावं, अभ्यासाचं वेळापत्रक नंतर. कुणी सारखी थकलेली असते, तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. भावी सिस्टरचं स्वतःचं रक्त कमी असणं आपल्याकडे काही नवल नाही. आणि निकालानंतर मुलगी जेवत नसेल, झोपत नसेल, 'माझं काही खरं नाही' असं बोलत असेल तर ते नाटक समजू नका. तिला एकटी सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीत बोलता येतं आणि घरातलं कुणीही तिथे फोन करू शकतं.

ती चिपळूणकडची मुलगी पुन्हा परीक्षेला बसली आणि तो पेपर सुटला, अठ्ठावन्न टक्क्यांनी. सध्या ती तिसऱ्या सत्रात आहे आणि आता औषधशास्त्र सुरू झालं आहे, जिथे नावं अ‍ॅनॅटॉमीहून वाईट असतात. त्यांच्या घरी आता नवाच करार चालतो. सुट्टीत ती आली की धाकटा तिला आपला आमोख्ता सुनावतो आणि मग तिची चिठ्ठ्यांची गड्डी हातात घेऊन तिला सुनवायला लावतो. औषधांची नावं त्याला वाचता येत नाहीत, पण ती अडखळली हे त्याला बरोबर कळतं, आणि त्याच्या उस्तादांसारखाच बोटाने जमिनीवर टकटक करतो.